नको तेव्हाचा पाऊस: नाशिक जिल्हा आणि बदलते हवामान

हवामान-बदलाची चर्चा बहुधा वितळणारे हिमनग, चढणारी समुद्रपातळी आणि शतकाच्या अखेरीचे तापमान यांच्याभोवती फिरते. समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या माथ्यावरून पूर्वेकडे उतरत गेलेल्या नाशिक जिल्ह्याला मात्र या बदलाचा अनुभव येतो तो फार ओळखीच्या रूपांत: नोव्हेंबरातल्या गारपिटीत, मे महिन्यात लागून राहिलेल्या पावसात, गोदावरीच्या पुरात आणि त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात तळ गाठलेल्या विहिरीत. यांपैकी कोणतीच गोष्ट जिल्ह्याला सर्वस्वी नवी नाही. १८८३ च्या नाशिक गॅझेटियरातही दुष्काळांच्या आणि पुरांच्या नोंदी सापडतात. बदल झाला आहे तो दोन अंगांनी. एक तर या घटनांचे वेळापत्रक आणि त्यांचा जोर पूर्वीसारखा राहिलेला नाही; आणि दुसरे, ज्याकडे तुलनेने कमी लक्ष जाते, ते असे की गेल्या पन्नास-साठ वर्षांत जिल्ह्यातली शेती, शहरे आणि मजुरी यांनी जे रूप घेतले त्यामुळे एरवी फारसे न बिघडवणारा पाऊसही आता मोठी हानी करून जातो.

या दुसऱ्या अंगाला अभ्यासक असुरक्षितता म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या आणि आयपीसीसी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आंतरशासकीय मंडळाच्या अहवालांत ही कल्पना वेळोवेळी थोड्या वेगळ्या शब्दांत मांडली गेली असली, तरी तिचा गाभा एकच आहे: वादळ किंवा अतिवृष्टी हा आघात, त्या आघाताच्या वाटेत किती माणसे आणि किती मालमत्ता उभी आहे, ती माणसे आणि ती पिके किती नाजूक आहेत, आणि आघातानंतर सावरण्याचे बळ कोणाकडे किती आहे, या साऱ्यांच्या मेळातून प्रत्यक्ष हानी ठरते. बांगलादेशचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. नोव्हेंबर १९७० च्या चक्रीवादळात तेथे किमान तीन लाख माणसे मृत्युमुखी पडल्याचा अंदाज आहे. मे २०२० मध्ये त्याच किनाऱ्याच्या रोखाने आलेल्या अम्फान वादळाच्या आधी वीस लाखांहून अधिक लोकांना निवाऱ्यांत हलवण्यात आले आणि त्या देशातील मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. बंगालच्या उपसागराचा स्वभाव या पन्नास वर्षांत सौम्य झालेला नव्हता. बदलले होते ते इशारा देण्याचे, निवाऱ्याचे आणि स्वयंसेवकांचे जाळे. विकसनशील देशाची असुरक्षितता कमी करता येते, पण ती नेमकी कोठे दडली आहे हे आधी पाहावे लागते, आणि ते पाहण्यासाठी नाशिक हा चांगला जिल्हा आहे, कारण एवढ्या लहान अंतरात इतके वेगळे पाऊस आणि इतकी वेगळी माणसे क्वचितच एकत्र सापडतात.

जिल्ह्याच्या पश्चिम कडेला इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ आणि सुरगाणा हे घाटमाथ्याचे तालुके आहेत. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाने लदलेले वारे येथे सह्याद्रीला अडून वर चढतात, थंड होतात आणि पाऊस देतात; इगतपुरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. डोंगर ओलांडून पुढे गेलेल्या वाऱ्यांत फारसे बाष्प उरलेले नसते, म्हणून पूर्वेकडील चांदवड, येवला, नांदगाव या तालुक्यांच्या वाट्याला जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस येतो. ही पर्जन्यछाया होय. यावरून घाटमाथा सुखी आणि पूर्व भाग दुःखी असा निष्कर्ष काढावासा वाटला, तरी प्रत्यक्षात फेब्रुवारी-मार्चपासून पेठ, सुरगाणा आणि त्र्यंबकेश्वरच्या पाड्यांवरील बायका पाण्यासाठी डोंगर उतरू लागतात आणि जेथे सर्वांत जास्त पाऊस पडतो तेथेच टँकर पाठवावे लागतात. याचे कारण जमिनीखाली आहे. दख्खनचा काळा कातळ बहुतांशी अभेद्य असतो. पाणी साठते ते त्याच्या भेगांत आणि वरच्या मुरमाच्या थरात, आणि घाटमाथ्यावर उतार तीव्र व मातीचा थर पातळ असल्याने पडलेला पाऊस चार महिन्यांत वाहून जातो. शिवाय या भागात जी धरणे बांधली गेली त्यांचे पाणी उताराच्या नियमाने आणि कालव्यांच्या आखणीने खालच्या तालुक्यांकडे व शहरांकडे जाते. धरणाच्या भिंतीवरून दिसणाऱ्या वाडीला त्याच धरणाचे पाणी न मिळणे ही नाशिकमध्ये अपवादाची गोष्ट नाही, आणि हवामान बदलले नसते तरी ती तशीच राहिली असती.

हवामान-बदल या जुन्या विषमतेवर येऊन पडतो. हवेचे तापमान एक अंशाने वाढले की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. त्यामुळे तापलेल्या जगात पाऊस येतो तेव्हा तो अधिक जोराने येण्याची शक्यता वाढते आणि दोन पावसांमधले कोरडे अंतरही लांबू शकते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसून आले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना जवळजवळ तिपटीने वाढल्या, आणि त्यांना लागणारे जादा बाष्प मुख्यतः तापत चाललेल्या अरबी समुद्रावरून येते. वार्षिक सरासरी फारशी न बदलता पाऊस असा थोड्या दिवसांत गोळा झाला, तर सरासरीवर आधारलेले धरणाचे, पेरणीचे आणि पाणीपुरवठ्याचे सारे हिशेब चुकू लागतात.

२०१६ हे वर्ष त्याचा नमुना म्हणून पाहता येते. लागोपाठ दोन कमी पावसाच्या वर्षांनंतर त्या वर्षी एप्रिलमध्ये गोदावरीच्या पात्रातले नाशिकचे रामकुंड कोरडे पडले आणि गुढीपाडव्याच्या सुमारास स्नानासाठी त्यात टँकरने पाणी सोडावे लागले. त्यानंतर चार महिन्यांच्या आत, २ ऑगस्टला, गोदावरीला असा पूर आला की सराफ बाजार आणि भांडी बाजाराच्या दुकानांत पाणी शिरले. महाडजवळचा सावित्री नदीवरचा जुना पूल वाहून गेला तो याच पावसाच्या रात्री.

गोदाकाठच्या लोकांनी पूर मोजण्याची स्वतःची पट्टी फार पूर्वीपासून ठरवून ठेवली आहे. नदीपात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्यापर्यंत पाणी आले, कमरेला लागले, छातीवर गेले की गळ्याशी आले, यावरून दुकानदार माल वरच्या मजल्यावर हलवायचा की नाही ते ठरवतात. १७४७ साली बांधलेल्या नारोशंकराच्या मंदिराच्या घंटेपर्यंत पाणी पोचले तर तो महापूर समजला जातो. १९६९ चा, सप्टेंबर २००८ चा, २०१६ चा आणि ऑगस्ट २०१९ चा पूर अशाच खुणांनी लोकांच्या स्मरणात आहेत. ही पद्धत भाबडी वाटली तरी ती प्रत्येकाला डोळ्यांनी वाचता येते, आणि पूरनियंत्रण कक्षातून येणाऱ्या क्युसेकच्या आकड्यापेक्षा काठावरच्या माणसाला ती लवकर कळते, हे तिचे बलस्थान आहे. क्युसेक म्हणजे दर सेकंदाला वाहणारे घनफूट पाणी. आकडा ऐकून आपल्या दुकानाच्या कितव्या पायरीला पाणी लागणार हे सामान्य व्यापाऱ्याला उमगतेच असे नाही.

शहराच्या वर १९६५ साली पूर्ण झालेले गंगापूर धरण आहे, आणि ते असताना पूर का येतो हा प्रश्न दरवेळी विचारला जातो. हे धरण पाणी साठवण्यासाठी बांधलेले आहे. पिण्याच्या पाण्याची, उद्योगांची आणि शेतीची गरज भागवायची तर ते भरलेले हवे, आणि पुराचा लोंढा अडवायचा तर त्यात मोकळी जागा हवी. दोन्ही एकाच वेळी साधत नाही. पाऊस सावकाश पडत असे तेव्हा या दोन्ही गरजांमधून वाट काढता येत होती. त्र्यंबकेश्वरच्या डोंगरात एका रात्रीत धो-धो कोसळणारा पाऊस मात्र व्यवस्थापनाला फार थोडे तास देतो. त्याखेरीज धरणाच्या खाली पडणाऱ्या पावसावर धरणाचा काहीच ताबा नसतो. नासर्डी आणि वाघाडी हे शहरातून वाहणारे ओढे थेट गोदावरीला मिळतात, आणि ज्या उपनगरांत पूर्वी मळे होते तेथे आता इमारती व रस्ते असल्याने पाणी मुरण्याऐवजी तासाभरात नदीकडे धाव घेते. सिंहस्थ कुंभमेळ्याच्या तयारीत कुंडांच्या तळाशी ओतलेल्या काँक्रीटने नदीचा भूजलाशी असलेला संबंध तोडला, अशी तक्रार शहरातले पर्यावरण कार्यकर्ते कित्येक वर्षे करीत आले आहेत, आणि २०१६ च्या उन्हाळ्याकडे पाहता ती सहज झटकून टाकता येणारी नाही.

२००८ च्या पुरानंतर पूररेषांचा विषय पुढे आला. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येण्याची शक्यता असलेला पूर जेथवर पोचेल ती निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर जेथवर पोचेल ती लाल रेषा; निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई आणि दोन रेषांच्या मध्ये अटींसह परवानगी, अशी ही व्यवस्था आहे. तिच्यातली अडचण अशी, की या रेषा जुन्या पावसाच्या नोंदींवरून काढल्या जातात, आणि नोंदींचा काळ जर शांत असेल व पुढचा काळ तसा नसेल, तर पंचवीस वर्षांचा पूर दहा-बारा वर्षांतच दारात येतो. नदी शहराबाहेर पडली तरी प्रश्न संपत नाही. निफाड तालुक्यातील चांदोरी आणि सायखेडा ही गावे नांदूर मधमेश्वर बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला आहेत. शंभर वर्षांत गाळाने भरलेल्या या बंधाऱ्याच्या फुगवट्यात पक्ष्यांचे जे पाणथळ निर्माण झाले त्याला २०२० साली रामसर स्थळाचा मान मिळाला, पण त्याच फुगवट्यामुळे पुराचे पाणी या दोन गावांतून लवकर ओसरत नाही. आणि २०२७ च्या सिंहस्थाची स्नाने, मुहूर्तांच्या नियमाप्रमाणे, ऐन ऑगस्ट-सप्टेंबरात येत आहेत. लक्षावधी माणसे नदीकाठी जमणार ती तिच्या पुराच्या महिन्यांत. अभ्यासकांच्या परिभाषेत आघाताच्या वाटेतला जमाव म्हणतात तो याहून नेमका दाखवता येणार नाही.

तरीही जिल्ह्याची सर्वांत मोठी आणि सर्वांत कमी समजून घेतलेली असुरक्षितता पुरात नसून बागायतीच्या सुबत्तेत आहे. १९७२ च्या दुष्काळात नाशिकच्या पूर्व भागातला शेतकरी बाजरी आणि कडधान्यांवर अवलंबून होता आणि त्याची भीती एकच होती, पाऊस न येण्याची. पुढे धरणे, विहिरी, वीजपंप आणि ठिबक सिंचन आले; निफाड, दिंडोरी, चांदवड या तालुक्यांत द्राक्षाच्या बागा उभ्या राहिल्या आणि देशातून निर्यात होणाऱ्या द्राक्षांचा मोठा वाटा या एका जिल्ह्यातून जाऊ लागला. सिंचनाने दुष्काळाची भीती पुष्कळ कमी केली, परंतु शेतकऱ्याचे भांडवल पावसाळ्यातून उचलून हिवाळ्यात नेऊन ठेवले. बाजरीला नोव्हेंबरातल्या पावसाचे फारसे सोयरसुतक नसते, कारण ती तोवर खळ्यात आलेली असते. द्राक्षाला तो पाऊस मारक ठरतो.

हे कसे घडते ते वेलीच्या वर्षावरून कळते. द्राक्षवेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलमधल्या खरड छाटणीनंतर नव्या काड्या वाढतात आणि त्या काड्यांच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचे घड सूक्ष्म रूपाने तयार होतात. त्यासाठी मे-जूनमध्ये भरपूर ऊन लागते. सप्टेंबर-ऑक्टोबरमधल्या गोडी छाटणीनंतर ते घड बाहेर पडतात, फुलोऱ्यात येतात, मणी धरतात आणि साधारण चार महिन्यांनी काढणीला येतात. पोंगा फुटत असताना किंवा फुलोऱ्यात पाऊस आला तर केवडा, म्हणजेच डाऊनी हा रोग, पानांवरून घडांवर उतरतो आणि घड कुजतात, जिरतात. मण्यांत साखर भरत असताना पाऊस आला तर मुळांनी ओढलेले पाणी सालीला पेलत नाही आणि मण्यांना तडे जातात. पावसानंतर तातडीने फवारणी करायची, तर चिखलात ट्रॅक्टर बागेत शिरत नाही. फवारण्या वाढवाव्यात, तर औषधांचा अंश युरोपातल्या खरेदीदारांच्या मर्यादेपेक्षा जास्त निघून माल नाकारला जाण्याची धास्ती. निफाडला कडाक्याची थंडी पडते तेव्हा मणी फुगत नाहीत आणि पहाटे बागांतून शेकोट्या पेटवाव्या लागतात, हा आणखी एक ताण.

गेल्या काही वर्षांत या वेळापत्रकातला जवळजवळ प्रत्येक टप्पा पावसाने गाठला आहे. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळाच्या पावसाने फुलोरा पकडला, फेब्रुवारी-मार्च २०१४ च्या राज्यव्यापी गारपिटीने काढणीचा माल, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर २०१९ मध्ये अरबी समुद्रात एकामागोमाग आलेल्या क्यार आणि महा या वादळांच्या काळातल्या लांबलेल्या पावसाने गोडी छाटणीनंतरच्या बागा. २६ नोव्हेंबर २०२३ रोजी निफाड भागात झालेल्या गारपिटीने काही तासांत उभे घड झोडपले. अशी गारपीट बहुधा उत्तरेकडून येणारी थंड, कोरडी हवा आणि समुद्रावरून येणारे उष्ण बाष्प महाराष्ट्रावर एकमेकांना भिडल्याने होते. २०२५ मध्ये तर मे महिनाच पावसाळी गेला; एरवी ११ जूनच्या सुमारास मुंबईत येणारा मान्सून २६ मे रोजीच दाखल झाला, आणि ज्या दिवसांत काडीच्या डोळ्यांत घड तयार व्हायचे त्या दिवसांत ऊनच नव्हते. असे नुकसान त्या वेळी दिसत नाही. ऑक्टोबरात छाटणी करून, औषधे-खते-मजुरीचा खर्च करून झाल्यावर वेलीला घडच कमी लागले आहेत हे कळते, आणि तोवर मे महिन्यातल्या पावसाचा पंचनामा करायला कोणी येण्याची वेळ निघून गेलेली असते.

कांद्याची गोष्ट थोडी निराळी आहे, कारण तेथे हवामानाच्या जोडीला धोरण येते. लाल पोळ कांदा, रांगडा आणि उन्हाळ असे तीन हंगाम जिल्ह्यात चालतात. यांपैकी उन्हाळ कांदाच चाळीत चार-सहा महिने टिकतो आणि लासलगावच्या बाजारातून देशाला पुरतो. काढणीच्या वेळी भिजलेला कांदा चाळीत सडतो, पोळ कांद्याची रोपे सप्टेंबरच्या पावसात गळतात, आणि पुरवठा घटून भाव चढले की सप्टेंबर २०१९, सप्टेंबर २०२० आणि डिसेंबर २०२३ प्रमाणे केंद्र सरकार निर्यातबंदी घालते. पिकाच्या नाशातून वाचलेला माल ज्याच्याकडे आहे त्यालाही मग चढ्या भावाचा लाभ मिळत नाही. शहरी ग्राहकाचे रक्षण हा सरकारचा हेतू समजण्यासारखा आहे. पण हवामानाची जोखीम अशा रीतीने एकाच घटकाच्या अंगावर दोनदा टाकली जाते, हेही खरे.

बागायतदाराचे नुकसान निदान कागदावर येते. त्याच्या बागेत विरळणीचे आणि काढणीचे काम करायला पेठ-सुरगाण्याहून आलेली आदिवासी कुटुंबे मात्र कोणत्याच नोंदीत नसतात. घाटमाथ्यावर भात आणि नागलीचे एकच पीक निघत असल्याने दिवाळीनंतर ही माणसे खाली उतरतात, बागांच्या कडेला पालात राहतात किंवा पिंपळगाव-दिंडोरीच्या मजूर अड्ड्यावर रोज सकाळी उभी राहतात. गारपिटीने बाग गेली की त्यांच्या हंगामाची मजुरी गेली. पंचनामा सातबारा उताऱ्यावरच्या पिकाचा होतो, बुडालेल्या रोजाचा होत नाही. मालेगावच्या यंत्रमाग कामगाराचेही तसेच: एप्रिल-मे महिन्यांत शहराचे तापमान चाळिसाच्या बरेच वर जाते, पत्र्याच्या छताखाली माग चालू असतात, पाळ्या बारा-बारा तासांच्या असतात आणि मजुरी विणलेल्या कापडावर मिळते, त्यामुळे सावलीत थांबणे म्हणजे उत्पन्न सोडणे. हवामान खात्याच्या व्याख्येप्रमाणे मैदानी भागात पारा ४० अंशांपर्यंत पोचून तो सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी वर गेला की उष्णतेची लाट धरली जाते. मागावरच्या माणसाच्या दृष्टीने या व्याख्येत बसणाऱ्या आणि न बसणाऱ्या दिवसांत फारसा फरक नसतो.

नुकसान भरपाईचे निकष तपासले की सावरण्याचे बळ कोणाला आणि किती मिळते हे उमगते. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक मिळून पंचनामा करतात. पीक ३३ टक्क्यांहून अधिक गेले असेल तरच मदत मिळते, आणि केंद्राच्या २०२२ पासूनच्या निकषांप्रमाणे ती कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकाला २२,५०० रुपये, तीही दोन हेक्टरांच्या मर्यादेत असते. एकरी लाखांत खर्च झालेल्या द्राक्षबागेसाठी ही रक्कम फवारणीच्या औषधांनाही पुरत नाही. फळपीक विमा हवामानावर आधारलेला आहे, म्हणजे महसूल मंडळातल्या स्वयंचलित केंद्रावर नोंदलेला पाऊस किंवा तापमान ठरावीक आकडा ओलांडेल तेव्हा भरपाई लागू होते. अशा विम्यात तंटे कमी आणि वेग जास्त, हा त्याचा गुण. परंतु गारांचा पट्टा कधी कधी एका शिवाराला झोडपतो आणि शेजारच्याला सोडतो, आणि केंद्र नेमके त्या सुटलेल्या शिवारात असले तर आकडा ओलांडलाच जात नाही. गारपिटीसाठी स्वतंत्र जादा संरक्षण घ्यावे लागते. अंतराची हीच अडचण अंदाजातही आहे. मे २०२५ मध्ये सुरू झालेल्या भारत फोरकास्ट सिस्टीममुळे हवामान अंदाजाची जाळी बारा किलोमीटरवरून सहा किलोमीटरवर आली, ही मोठी प्रगती होय. मात्र एका बाजूला इगतपुरी आणि दुसऱ्या बाजूला सिन्नर असलेल्या प्रदेशात सहा किलोमीटरही बरेच अंतर आहे.

जागतिक पातळीवर हाच पंचनाम्याचा प्रश्न वेगळ्या वेषात उभा आहे. भारताचे दरडोई कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन वर्षाला सुमारे दोन टन, अमेरिकेचे सुमारे चौदा टन. त्यामुळे निफाडच्या गारपिटीची किंवा मालेगावच्या उन्हाची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न न्यायाचा आहे. २०२२ साली शर्म अल-शेखच्या परिषदेत हानी आणि नुकसान निधी स्थापण्याचे ठरले आणि पुढच्या वर्षी दुबईत त्यासाठी सुमारे ७० कोटी डॉलरची आश्वासने मिळाली. साऱ्या विकसनशील जगासाठी ही रक्कम किरकोळ आहे, आणि ती पुरेशी असती तरी तिचे वाटप सातबाऱ्यावरच होणार असेल तर पालातल्या मजुरापर्यंत ती पोचण्याचा मार्ग कोणता, हे कोठेच ठरलेले नाही.

अनिश्चित पाण्याशी जुळवून घेण्याची कला या जिल्ह्याला नवी नाही. बागलाण तालुक्यात मोसम आणि आरम या नद्यांवर कित्येक शतके फड पद्धत चालत आली. नदीवर लहान बंधारा, त्यातून निघालेला पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार मोठे भाग, त्यांना फड म्हणत. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे आणि नदीला किती पाणी आहे हे पाहून यंदा कोणता फड भिजवायचा आणि कोणता कोरडा ठेवायचा हे गावाने ठरवायचे. प्रत्येक कुटुंबाची जमीन बहुधा सर्व फडांत थोडी थोडी असे, त्यामुळे टंचाईच्या वर्षी एकाच घरावर संक्रांत येत नसे. पाणी फिरवण्यासाठी पाटकरी नेमलेला असे आणि त्याला पिकातला वाटा मिळे. ही व्यवस्था समतेचा आदर्श होती असे मानण्याचे कारण नाही, कारण ज्याला जमीन नव्हती त्याला तिच्यात स्थान नव्हते. पण पाणी कमी असताना तंटा सुरू होण्याआधीच नियम ठरलेला असावा, हे तिने ओळखले होते. वर धरणे झाली आणि नदीचा बारमाही प्रवाह आटला तसे बहुतेक फड मोडले.

त्याच तत्त्वाचा आधुनिक अवतार दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणावर दिसतो. कालव्याच्या टोकाला, ओझर परिसरात, पाणी पोचत नव्हते. १९९०-९१ च्या सुमारास समाज परिवर्तन केंद्राच्या बापू उपाध्ये यांच्या पुढाकाराने तेथल्या शेतकऱ्यांनी पाणी वापर संस्था स्थापन केल्या, पाणी मोजून घ्यायचे आणि मोजून वाटायचे ठरवले, आणि पुढे संपूर्ण प्रकल्पाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्याच संस्थेकडे आले. पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरच्या मध्याला, धरणात किती पाणी आहे ते पाहून किती आवर्तने देता येतील हे जाहीर केले जाते, आणि कोणते पीक घ्यायचे हे शेतकऱ्यावर सोडले जाते. मोठ्या प्रमाणावर हीच तारीख नाशिक-अहिल्यानगर विरुद्ध मराठवाडा या पाणीवाटपाच्या वादातही आली आहे. मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणात १५ ऑक्टोबरला उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडावे, असे मेंढेगिरी समितीने २०१३ साली सुचवलेले सूत्र नाशिककरांना जाचते आणि मराठवाड्याला अपुरे वाटते. तरी ते असल्यामुळे भांडण निदान आकड्यांवर होते.

भूजलाच्या बाबतीत असे कोणतेही सूत्र प्रत्यक्षात वापरात नाही. द्राक्ष आणि डाळिंब वाचवण्यासाठी चांदवड, देवळा, येवला या भागांत प्लॅस्टिक अंथरलेली शेततळी झाली, आणि त्यांतली पुष्कळशी पावसाच्या वाहत्या पाण्याऐवजी विहिरी व बोअरच्या पाण्याने भरली जातात. जमिनीखाली सुरक्षित असलेले सामाईक पाणी उपसून उन्हात उघडे ठेवायचे, त्यातले काही बाष्प होऊन उडू द्यायचे आणि उरलेले एकाच मालकाच्या बागेला द्यायचे, असा हा व्यवहार आहे. ज्याचे शेततळे आहे त्याची असुरक्षितता त्याने घटते आणि ज्याची उथळ विहीर शेजारी आहे त्याची वाढते. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल अधिनियमात अधिसूचित क्षेत्रांत शेती व उद्योगासाठी साठ मीटरहून खोल विहीर घेण्यास मनाई आहे. चांदवड-येवल्याच्या माळावर बोअरची यंत्रे मात्र प्रत्येक उन्हाळ्यात त्याच्या बरेच खाली जातात.